न बसणारा पाना

वेल्सच्या वायव्य टोकाशीं आंग्लसी नांवाचें एक बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागांत न्यूबरो हें खेडें. एका अंगास वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या अंगास ओलसर शेतें, आणि वर्षाचे बहुतेक दिवस समुद्रावरून येणारा खारा वारा. दुसरें महायुद्ध संपल्यावर एकदोन वर्षांत येथील एका शेतावर एक जुनी लष्करी जीपगाडी राबत होती. ओझीं ओढणें, चिखलांतून वाट काढणें, वाळूंत उतरणें, हीं सारीं कामें ती मुकाट्यानें करी. मालकाचें नांव मॉरिस विल्क्स. हा कोणी साधासुधा शेतकरी नव्हता. रोव्हर या प्रसिद्ध मोटार-कंपनीचा तो मुख्य एंजिनिअर होता, आणि युद्धकाळांत विमानाच्या जेट एंजिनासारख्या अगदीं नव्या विद्येवर त्याच्या कंपनीनें काम केलें होतें. अशा मनुष्यालाहि आपल्या शेतावरची जीप चालती ठेवतांना नाकीं नऊ येत. गाडी अमेरिकन, लष्करानें विकून टाकलेली. तिचे सुटे भाग मिळणें दुरापास्त, आणि ती बनविणारे कारखाने अटलांटिक महासागरापलीकडे.

मॉरिसचा वडील बंधु स्पेन्सर विल्क्स हा त्याच कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर. ही गाडी निकामी झाली म्हणजे पुढें काय करणार, असें त्यानें धाकट्या भावास विचारलें, आणि दुसरी जीपच घेणार, कारण तसें दुसरें वाहन कोठें मिळतच नाहीं, असें उत्तर त्याला मिळालें, अशी हकीकत रोव्हर कंपनीच्या इतिहासांत नेहमीं सांगितली जाते. इंग्लंडांतील एका नामांकित मोटार-कारखान्याच्या मुख्य एंजिनिअराला आपल्या शेताकरितां परदेशचें मोडकें वाहनच पुन्हां शोधावें लागणार होतें. या उत्तरांतील नामुष्की त्या दोघां भावांच्या ध्यानांत आल्यावांचून राहिली नसेल.

जुनी जीप घरीं दुरुस्त करावयास बसणाऱ्या गृहस्थाचा जो संताप होतो, त्याच्यामागें दोन इतिहास आहेत. एक युद्धाच्या घाईंत घडलेला, पांचसहा वर्षांचा. दुसरा शंभर वर्षांहून जुना, आणि तो एका साध्या मळसूत्राचा आहे. राजेरजवाड्यांच्या बखरींत मळसूत्राला कोणी जागा देत नाहीं. परंतु गंजलेल्या नटाशीं झुंजून ज्यांनीं बोटांचीं सालटीं काढून घेतलीं आहेत त्यांना तरी हा इतिहास परका वाटूं नये.

पहिला इतिहास थोडक्यांत असा. १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडला आणि अमेरिकन लष्कराला एकाएकीं घाई झाली. चारहि चाकांना एंजिनाची शक्ति मिळते अशी हलकी टेहळणी-गाडी त्याला पाहिजे होती. एकशें पस्तीस कारखानदारांना मागणी धाडण्यांत आली, आणि नमुन्याची पहिली गाडी तयार करण्यास मुदत दिली अवघी एकूणपन्नास दिवसांची. बहुतेकांनीं या मुदतीकडे पाहूनच हात झटकले. पेनसिल्व्हानियांतील बटलर गांवच्या बँटम नांवाच्या एका लहानशा, डबघाईस आलेल्या कंपनीनें तें आव्हान स्वीकारलें. कार्ल प्रॉब्स्ट या एंजिनिअरानें झपाट्यानें आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशीं, गाडी मेरीलंडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर जाऊन उभी राहिली. बिचाऱ्या बँटमच्या पदरीं त्याचें फळ फारसें पडलें नाहीं. मोठ्या संख्येनें गाड्या पुरविण्याची तिची ऐपत नव्हती. लष्करानें तिचे आराखडे इतरांना दाखविले, आणि मोठें काम ओहायोंतील टोलीडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीकडे व पुढें फोर्ड कंपनीकडे गेलें. युद्ध संपेपर्यंत या गाड्या सहा लाखांहून अधिक निघाल्या.

सहा लाख हा आंकडा नीट ध्यानांत घेतला पाहिजे. विलीजच्या गाडीचा भाग फोर्डच्या गाडीस बसला पाहिजे असा लष्कराचा दंडक होता, आणि तो बहुतांशीं पाळला गेला. फोर्ड कंपनीनें आपल्या भागांवर, अगदीं बोल्टाच्या माथ्यावरहि, आपल्या नांवाचें आद्याक्षर उठविलें, हा डोळ्यांना दिसणारा एक भेद. गाडी मोडली तर ती दुरुस्त करीत बसण्यापेक्षां मोडलेला भाग काढून तयार भाग बसवावा, एंजिन थकलें तर एंजिनच बदलावें, हें त्या योजनेचें मर्म होतें. १९४४ सालीं अमेरिकन युद्धखात्यानें या गाडीचें जें मार्गदर्शक पुस्तक काढलें, तें चाळतांना ही गोष्ट स्पष्ट दिसते. लष्करांत दुरुस्तीच्या पांच पायऱ्या ठरविलेल्या होत्या. गाडी वापरणाऱ्या तुकडीनें पहिल्या दोन पायऱ्यांचीं कामें करावयाचीं: तेल पाहणें, हवा भरणें, नट आंवळणें, पट्टा किंवा प्लग बदलणें. एंजिन अगर गिअरपेटी खोलण्याचा अधिकार तिला नव्हता. तीं कामें वरच्या पायऱ्यांवरच्या कार्यशाळांचीं. त्यांच्यासाठीं पुस्तकेंहि वेगळीं होतीं. सर्वांच्या वर होते ते तळावरचे मोठे कारखाने, जेथें गाड्यांचे सांगाडे एका रांगेंत, एंजिनें दुसऱ्या रांगेंत, आणि आंस तिसऱ्या रांगेंत लागत. कोणत्या गाडीचें काय कोणत्या गाडीस बसलें याची फिकीर तेथें कोणी करीत नसे, व करण्याचें कारणहि नव्हतें.

तेव्हां जीपगाडी दुरुस्तीस सोपी अशी जी तिची ख्याति झाली ती खोटी नव्हती. मात्र तिला एक अट होती. मागें एक सबंध लष्कर उभें असेल तर ती सोपी. युद्ध संपलें, लष्कर घरीं गेलें, आणि गाडी मात्र एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यांत किंवा गृहस्थाच्या परसांत येऊन उभी राहिली. पांच पायऱ्यांचें काम आतां एकाच मनुष्याच्या माथीं आलें, आणि त्याच्याजवळ भागांचें कोठार तर नाहींच, पण पुष्कळदां योग्य पानाहि नाहीं.

या गृहस्थाच्या एका शनिवारची कल्पना करून पाहावी. सकाळीं तो डाव्या बाजूचें चाक काढण्यास बसतो. नट हालत नाहीं. तो तेल सोडतो, वाट पाहतो, पान्यावर लोखंडी नळी चढवून तिच्यावर सारें अंग टाकतो. कट्‌ असा आवाज होतो, आणि नटासह बोल्टाचा अर्धा तुकडा हातांत येतो. नंतर केव्हां तरी त्याला कळतें कीं, या गाडीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक फिरतांना नट आपोआप सैल होऊं नये म्हणून केलेली ती शहाणपणाची योजना. परंतु ती ज्याला ठाऊक नाहीं तो नट सोडवीत नसतो, तर जीव लावून आंवळीत असतो. दुपारीं तो पुढच्या आंसाकडे वळतो. चाक वळत असतांनाहि त्याला शक्ति पोंचावी म्हणून टोंकाशीं एक विशेष प्रकारचा सांधा असतो. एवढा मोठा पुरवठा एकट्या कारखानदाराकडून होण्यासारखा नव्हता. म्हणून लष्करानें चार निरनिराळ्या बनावटींचे सांधे चालवून घेतले. आपल्या गाडींत कोणता आहे हें उघडल्याशिवाय समजत नाहीं, आणि उघडल्यावर जो दिसतो त्याचेच भाग नेमके मिळत नाहींत. कधीं कधीं तर उजवीकडे एक व डावीकडे दुसरा निघतो, कारण कोठल्या तरी तळावरच्या कारखान्यानें हाताला लागला तो बसविलेला असतो. गाडीच्या पाटीवर विलीजचें नांव, एंजिन फोर्डचें, आणि मालक मात्र पाटीवर विश्वास ठेवून पत्रव्यवहार करीत बसलेला, असा प्रकार कांहीं विरळा नाहीं.

तेलाची तर वेगळीच कथा. गिअरपेटी आणि तिच्या मागें जोडलेली, पुढच्यामागच्या आंसांना शक्ति वांटून देणारी पेटी, या दोन शेजारणींमध्यें जुनेपणानें अशी काय जवळीक उत्पन्न होते कीं, एकीचें तेल दुसरींत झिरपतें. सकाळीं दोहोंत मापानें तेल घालावें. आठवड्यानें पाहावें तों एक कोरडी आणि दुसरी तुडुंब, व उरलेलें जमिनीवर. शिवाय पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीं, तळाच्या एका खोलगट भागांत बसविलेली. त्या खळग्यांत पावसाचें पाणी व चिखल साचतो आणि दोहींकडून गंज लागतो. तळाच्या पत्र्याखालीं आधाराकरितां ज्या पन्हळी जोडल्या होत्या त्यांच्या पोटांत लांकडाच्या पट्ट्या कोंबलेल्या असत. युद्धांतल्या गाडीचें आयुष्य तें किती धरावयाचें! दोनचार वर्षांपुरतें तें लांकूड ठीक होतें. वीस वर्षांनीं तें स्पंजासारखें पाणी पिऊन बसलें आणि बाहेरून धडधाकट दिसणारा पत्रा आंतून खाऊन टाकला. ज्यांनीं गाडी आंखली त्यांची यांत चूक म्हणतां येणार नाहीं. आपली गाडी कोणी म्हातारपणापर्यंत सांभाळीत बसेल, हा विचार त्यांच्यापुढें नव्हता. असण्याचें कारण नव्हतें.

हें सर्व एक वेळ सहन होईल. परंतु इंग्लंडांतल्या घरमालकाला याहून पहिली आणि मूळची जी अडचण येई ती अशी कीं, त्याच्या पेटींतला एकहि पाना या गाडीच्या नटास नीट बसत नसे. येथें दुसरा इतिहास सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं प्रत्येक कारखाना आपले स्क्रू आपल्या मापाचे करी. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. यंत्र बिघडलें तर मूळ कारागिराकडेच धांव घ्यावी लागे. मँचेस्टर येथील जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकारानें निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें ताडून पाहिलीं, आणि त्यांच्या सरासरीवरून १८४१ सालीं आट्यांचें एक सर्वमान्य माप सुचविलें. आट्याच्या दोन बाजूंमधील कोन पंचावन्न अंशांचा; माथा आणि तळ दोन्ही गोलाकार. इंग्रजी आगगाड्यांनीं तें उचललें, आणि इंग्रजी व्यापाराबरोबर तें पृथ्वीभर पसरलें. हिंदुस्थानांतील रेल्वेच्या कार्यशाळांतूनहि हेंच माप आलें, आणि आपल्याकडील कित्येक पिढ्यांच्या फिटरांच्या तोंडीं व्हिटवर्थचें नांव बसलें.

अमेरिकेंत मात्र फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं निराळा मार्ग धरला. गोल माथ्याचा आटा कापण्यास निष्णात कारागीर आणि अधिक हत्यारें लागतात, असा त्याचा आक्षेप होता. त्यानें कोन साठ अंशांचा केला व माथा सपाट ठेवला. साठ अंशांचा कोन कोणत्याहि कार्यशाळेंत सहज आंखतां येतो, आणि सपाट माथा बेताच्या कारागिरालाहि कापतां येतो. कुशल हातांची चणचण असलेल्या देशाला तें सोयीचें पडलें. १८६८ सालीं अमेरिकन आरमारानें तें स्वीकारलें. यांत द्वेष किंवा हट्ट कोणाचाच नव्हता. इंग्लंडनें आपल्याजवळ असलेल्या कारागिरांच्या हिशेबानें माप बांधलें, अमेरिकेनें आपल्याजवळ नसलेल्यांच्या.

भेद इतका बारीक कीं, तो डोळ्यांना फसवितो. जाड आट्यांच्या बोल्टांत पाव इंच व्यासाला इंचास वीस आटे, हें दोन्ही देशांत सारखें; अर्ध्या इंचाला मात्र इंग्लंडांत बारा आणि अमेरिकेंत तेरा. मोटारगाडींत बारीक आट्यांचे बोल्ट अधिक; तेथें तीन-अष्टमांश इंचाच्या इंग्रजी बोल्टास इंचाला वीस आटे, तर अमेरिकन बोल्टास चोवीस. घरची डबी पालथी घालून मालक एक बोल्ट निवडतो. तो जाडीला बरोबर, दोन फेरे छान चढतो, तिसऱ्यास अडतो. येथें थांबावें तो शहाणा. परंतु रविवारची संध्याकाळ झालेली असते, सोमवारीं गाडीचें काम असतें, आणि मनुष्य थांबत नाहीं. तो जोर करतो. आटे खरवडले जातात. आणि पूर्वीं एक बोल्ट नव्हता तेथें आतां एक भोंकहि बिघडलेलें असतें.

पान्याची गोष्ट आणखी विचित्र. इंग्रजी पान्यावर जो आंकडा असे तो बोल्टाच्या जाडीचा. अमेरिकन पान्यावरचा आंकडा नटाच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतराचा. त्यामुळें पाव इंच असा शिक्का असलेल्या व्हिटवर्थ पान्याचें तोंड प्रत्यक्षांत ०.५२५ इंच उघडें असतें. जीपगाडीवर जो पांच-षोडशांश इंची बोल्ट जागोजाग आढळतो त्याचा माथा अर्धा इंच, म्हणजे ०.५०० इंच. फरक इंचाच्या चाळिसाव्या हिश्शाचा. पाना बसल्यासारखा वाटतो, नट नवा असेल तर फिरवतोहि. पण गंजलेल्या नटावर जोर पडला कीं तो निसटतो आणि नटाचे सहा कोपरे झिजवून टाकतो. मग त्या गुळगुळीत गोळ्यावर ना इंग्रजी पाना चालत ना अमेरिकन. स्क्रूपाना, छिन्नी, आणि शेंवटीं करवत, असा उतरता क्रम लागतो. शंभर वर्षांपूर्वीं मँचेस्टर आणि फिलाडेल्फिया येथें दोन सद्‌गृहस्थांनीं आपापल्या देशाचें हित पाहून जे निर्णय केले, ते असे एका परसांतल्या माणसाच्या बोटांवर येऊन आदळतात.

युद्धांत या भेदाची किंमत दोन्ही सरकारांना मोजावी लागली. रोल्स-रॉइसचें मर्लिन हें प्रसिद्ध विमान-एंजिन अमेरिकेंत बनविण्याचें काम १९४० सालीं डेट्रॉइटच्या पॅकर्ड कंपनीनें घेतलें. इंग्लंडांत बनलेल्या एंजिनाशीं त्याचे भाग जुळलेच पाहिजेत, म्हणून आटे इंग्रजीच ठेवणें प्राप्त होतें. आणि ते पाडण्याचीं हत्यारें अमेरिकेंत कोणी बनवीत नसल्यामुळें पॅकर्डला तीं स्वतः घडवावीं लागलीं. दोस्त सैन्यांच्या कोठारांत एकाच जाडीचे बोल्ट दोन-दोन जातींचे सांभाळावे लागत, आणि चुकीचा बोल्ट चुकीच्या यंत्रांत गेला तर तें केव्हां दगा देईल याचा नेम नसे. अखेर इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा या तीन देशांच्या जाणकारांनीं एकत्र बसून तोड काढली: कोन अमेरिकेचा साठ अंशांचा, आणि तळाच्या गोलाईला मात्र मुभा. १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें या सामाईक आट्याच्या करारावर सह्या झाल्या. तह म्हटला म्हणजे सरहद्दी आणि खंडणी आठवते. हा तह मळसूत्राचा होता, आणि इतर पुष्कळ तहांपेक्षां तो अधिक पाळला गेला.

आंग्लसीच्या शेतावर मात्र कोणी या सह्यांची वाट पाहत बसलें नव्हतें. रोव्हर कंपनी त्या वेळीं पेंचांत होती. कॉव्हेंट्री येथील जुना कारखाना जर्मन बॉंबफेकींत उद्ध्वस्त झालेला. सॉलिहल येथील युद्धकाळांत उभारलेला प्रचंड कारखाना हाताशीं, पण त्यांत बनवावें काय हा प्रश्न. पोलादावर नियंत्रण होतें. जो माल परदेशीं पाठवील त्याला पोलाद, असा सरकारचा हिशेब. १९४७ सालीं मॉरिस विल्क्सनें आपल्या मनांतल्या गाडीची आकृति आंग्लसीच्या रेड व्हार्फ उपसागराच्या वाळूंत काठीनें काढून भावाला दाखविली, असें सांगतात. लवकरच कंपनीनें नमुन्याची गाडी तयार केली. तिचा सांगाडा आणि आंस चक्क जीपचेच होते. सुकाणूचें चक्र मात्र मध्यभागीं बसविलें होतें, म्हणजे उजवीकडून चालविणारा देश आणि डावीकडून चालविणारा देश हा भेदच मिटावा. पुढें तें चक्र एका बाजूस न्यावें लागलें.

३० एप्रिल १९४८ रोजीं ॲम्स्टरडॅम येथील मोटार-प्रदर्शनांत लँड रोव्हर या नांवानें ही गाडी लोकांपुढें आली. किंमत साडेचारशें पौंड. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर ऐंशी इंच, जीपचें होतें तेवढेंच. पोलाद मिळत नव्हतें म्हणून वरचें सारें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें. मोठे ठसे पाडण्याचीं यंत्रें परवडत नव्हतीं म्हणून पत्रे बहुतेक सपाट. दोनतीन वर्षें कारखाना जगवावा आणि मग नेहमींच्या मोटारींकडे वळावें, एवढाच बेत होता. प्रत्यक्षांत सॉलिहल येथें हा वंश २९ जानेवारी २०१६ पर्यंत चालला आणि त्याच्या गाड्या वीस लाखांवर गेल्या.

एका जुन्या गाडीच्या कटकटींतून नवी गाडी जन्मली, ही गोष्ट येथें संपली असती तर ती फारच गोड झाली असती. परंतु जीपनें जो त्रास विल्क्सला दिला, तोच वसा त्याच्या गाडीनें पुढें चालविला. १९४८ च्या लँड रोव्हरवर इंग्रजी आटेच होते. सामाईक आटा पुढें हळूहळू आला, तोहि एकदम नव्हे. एंजिन एका मापाचें, आंस दुसऱ्या मापाचे, असा काळ बरेच दिवस चालला. नंतर मिलिमीटर आले. परिणामीं जुनी लँड रोव्हर घरीं दुरुस्त करणाऱ्याला व्हिटवर्थच्या, इंचाच्या आणि मिलिमीटरच्या अशा तीन जातींचे पाने जवळ बाळगावे लागतात. आणि गाडीखालीं उताणें पडल्यावर हातांत नेमका नको तो येतो. शिवाय ॲल्युमिनियम गंजत नाहीं या भरंवशावर जे राहिले त्यांना ठाऊक नव्हतें कीं, ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांना चिकटून ओलाव्यांत राहिलीं म्हणजे त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होत जाते. वरचें अंग चकचकीत, सांध्यांत पीठ, आणि खालचा पोलादी सांगाडा गंजलेला, हें दृश्य इंग्लंडांतल्या पुष्कळ परसांनीं पाहिलें आहे.

ज्यांनीं मूळ रूपाचा आग्रह धरला नाहीं त्यांचें बरें चाललें. मनिला शहरांत अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेल्या जीपगाड्या तेथील कारागिरांनीं लांबविल्या, त्यांवर छप्पर चढविलें, दोन बाजूंस बांकें टाकलीं, आणि युद्धांत मोडून पडलेल्या शहराला वाहतुकीचें नवें साधन दिलें. त्याला जीपनी म्हणतात. एंजिन मिळेल तें, पत्रा सांपडेल तो; पाना बसत नसेल तर नटच बदलावा, असा त्यांचा खाक्या. इकडे जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधु आणि मलिक गुलाम मुहंमद यांनीं १९४५ च्या ऑक्टोबरांत पोलादाच्या व्यापारासाठीं जी कंपनी काढली, ती देशाच्या फाळणीनंतर, गुलाम मुहंमद पाकिस्तानांत अर्थमंत्री होऊन गेल्यावर, १९४८ सालीं महिंद्र आणि महिंद्र झाली. विलीजच्या जीपचे भाग आणून ते मुंबईंत जोडण्याचें काम तिनें हातीं घेतलें, आणि पुढें ती गाडी येथेंच बनूं लागली. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांना जीप ठाऊक झाली ती या गाड्यांमुळें. १९८० च्या सुमारास त्यांत पूझो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचें डिझेल एंजिन बसूं लागलें, म्हणजे सांगाडा इंचाचा व हृदय मिलिमीटरचें. मुंबई-पुण्याच्या जुन्या गॅरेजांतील मिस्त्री पान्यावरचा आंकडा फारसा वाचीत नाहीं. तो नट बोटांनीं चांचपतो आणि बरोबर पाना उचलतो. हें ज्ञान कोणत्याहि लष्करी पुस्तकांत नव्हतें.

१९४८ च्या एप्रिलांत ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत ज्या तीन गाड्या लोकांनीं पाहिल्या, त्यांपैकीं एकीचा पुढें ठावठिकाणा राहिला नव्हता. १९६० नंतरच्या दशकांत ती शेंवटची रस्त्यावर धांवली. नंतर वीस वर्षें ती वेल्समधील एका शेतांत पडून होती. मग कोणा हौशी माणसानें ती दुरुस्त करण्याच्या इच्छेनें विकत घेतली, घरीं आणली, आणि तें काम अर्धवटच राहून ती त्याच्या बागेंत तशीच उभी राहिली. सॉलिहलच्या कारखान्यापासून ही बाग फार दूर नव्हती, थोड्याच मैलांवर. अखेर ती ओळखली गेली, आणि २०१८ च्या जानेवारींत कंपनीनें ती पूर्ववत्‌ करण्याचें काम आपल्या खास कारागिरांकडे सोंपविल्याचें जाहीर केलें. अंगचे पत्रे पुढच्या गाड्यांपेक्षां जाड, मागचा भाग उचलून वेगळा करतां येणारा. असल्या कांहीं खुणा फक्त त्या पहिल्या गाड्यांवरच सांपडतात. त्या कारागिरांजवळ मूळचे कागद होते, पूर्ण कार्यशाळा होती, आणि कामाला एक वर्ष लागेल असा त्यांचा अंदाज होता. बागेंतल्या माणसाजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें. तरी गाडी मोडीच्या भट्टींत न जातां एवढीं वर्षें टिकली ती त्याच्या त्या अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीमुळेंच.